आधी खर्च करा, मग मागा: पुण्यातल्या एका प्रवास-शिष्यवृत्तीचं प्रकरण

पुण्यातल्या एका छोट्या न्यासाने मराठीत विज्ञान सांगणाऱ्या नवोदित व्यक्तीला परदेशातल्या परिषदेला पाठवण्यासाठी शिष्यवृत्ती सुरू केली. पहिल्याच वर्षी योग्य माणूस सापडला, परिषदेने तिचं सादरीकरण स्वीकारलं आणि लागणारी रक्कम न्यासाच्या खात्यात होती. तरीही आता ही काही जात नाही, अशी वेळ पुन्हा पुन्हा आली. पैसे कमी पडत नव्हते. ते कुणी आधी काढायचे आणि कुणी नंतर द्यायचे, हा क्रम चुकीचा लागला होता. शिष्यवृत्ती देणाऱ्यांचं लक्ष रकमेवर असतं, क्रमावर क्वचितच जातं. म्हणून हे प्रकरण तपशिलात मांडते आहे.

न्यासाने नोंदी लिहिण्यासाठी मला बोलावलं तेव्हा पहिली निवड होऊन गेली होती. अर्ज, ईमेल, जमाखर्च मी पाहिला आणि सगळ्यांशी वेगवेगळं बोलले. सर्वांच्या संमतीने, नावं वगळून लिहिलं आहे. ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली त्यांना इथे ‘शिक्षिका’ म्हटलं आहे.

न्यास, देणगी आणि जाहिरात

न्यासात काही निवृत्त शास्त्रज्ञ आहेत, दोघे शिक्षक, एक मुद्रक आणि हिशेब सांभाळणारे एक चार्टर्ड अकाउंटंट. कार्यालय नाही, बैठका कुणाच्या तरी घरी होतात. भौतिकशास्त्राच्या एका दिवंगत प्राध्यापकांच्या कुटुंबाने देणगी दिली. अट एकच: जो मराठीत विज्ञान सांगतो, ज्याच्यामागे मोठी संस्था नाही, त्याला जगातले या क्षेत्रातले लोक एकदा प्रत्यक्ष भेटू द्या.

‘ज्याच्यामागे मोठी संस्था नाही’ हे शब्द त्या कुटुंबातल्या बाईंनी विचार करून घातले होते. पुण्याला या कामाची परंपरा जुनी आहे. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था इथे 1944 मध्ये सुरू झाली. जयंत नारळीकरांना 1996 मध्ये युनेस्कोचा कलिंग पुरस्कार मिळाला तो विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठीच. आयुका या इथल्या खगोलशास्त्राच्या संशोधनसंस्थेत दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी होणाऱ्या व्याख्यानांना बसलेली एक अख्खी पिढी आज चाळिशीत आहे. पण संशोधनसंस्थेत नोकरी नसलेली, तरी हेच काम मनापासून करणारी माणसं शहराबाहेर बरीच आहेत: शाळेतले शिक्षक, क्लास घेणारे, मोबाईलवर व्हिडिओ बनवणारे. त्यांच्यासाठी फारसं काही नाही. केंद्राने 2018 मध्ये ‘अवसर’ ही विज्ञानलेखनाची योजना सुरू केली ती पीएचडी आणि त्यानंतरचं संशोधन (पोस्ट-डॉक) करणाऱ्यांसाठी. 1989 मध्ये स्थापन झालेली ‘विज्ञान प्रसार’ ही विज्ञान लोकांपर्यंत नेणारी केंद्राची संस्था 2023 मध्ये बंद झाली. संशोधन निबंध वाचायला परदेशी जाणाऱ्याला प्रवास-अनुदान मिळण्याच्या वाटा आहेत. पण संशोधन दुसऱ्याचं आणि सांगणं आपलं, अशा माणसाला कुठल्या रकान्यात बसवायचं हेच ठरलेलं नाही.

विज्ञानसंवादाच्या आंतरराष्ट्रीय परिषदा तर बहुतेक लांबच भरतात. पीसीएसटी या विज्ञानसंवादकांच्या जागतिक जाळ्याची पहिली परिषद 1989 मध्ये फ्रान्समधल्या प्वातिए गावी झाली. 2010 मध्ये ती दिल्लीत आली होती. पुण्याहून झेलम एक्स्प्रेस पकडून जाता येईल इतकी जवळ! अशी संधी पुन्हा कधी येईल याची वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता.

न्यासाने अर्ज मागवले. नमुना एका परदेशी शिष्यवृत्तीवरून घेतला होता: इंग्रजीत तीनशे शब्दांचा गोषवारा, प्रकाशित लेखांची यादी, मान्यवरांची दोन शिफारसपत्रं. आलेल्या अर्जांत बहुतेक संशोधन-विद्यार्थी होते आणि पत्ते पुणे शहरातले होते. देणगीच्या अटीत जी माणसं डोळ्यांसमोर होती, ती अर्ज वाचूनच मागे फिरली असणार.

जुन्नरचा अर्ज

एक अर्ज वेगळा होता. शिक्षिका जुन्नर तालुक्यातल्या, कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास घेतले तितक्याचे पैसे. रजा, सुट्टी, आजारपण सगळं बिनपगारी. ‘प्रकाशित लेख’ या रकान्यात त्यांनी रेघ मारली होती आणि खाली काही व्हिडिओंच्या लिंक दिल्या होत्या. एक शिफारसपत्र प्राचार्यांचं होतं, दुसरं गावच्या वाचनालयाच्या कार्यवाहांचं.

त्यांचं काम समजायचं तर खोडद समजायला हवं. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 मधल्या चौकात आणि 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन हातांवर, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ प्रा. गोविंद स्वरूप यांनी या अँटेनांना भरीव पत्रा न लावता तारेची बारीक जाळी दोरखंडांवर ताणून बसवली. वारा जाळीतून आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका झाला आणि खर्च आवाक्यात आला. जग ही दुर्बीण ओळखतं. तिच्या सावलीत द्राक्षं, टोमॅटो, कांदा पिकवणाऱ्या माणसांचं तिच्याशी असलेलं नातं मात्र इतकं सरळ नाही.

कारण दुर्बिणीला रेडिओ-शांतता लागते, म्हणजे आजूबाजूला माणसाच्या यंत्रांतून निघणाऱ्या रेडिओ लहरी नकोत. दूरच्या आकाशगंगांकडून येणारे संदेश इतके क्षीण असतात की चंद्रावर एक साधा मोबाईल चालू करून ठेवला, तर आकाशातल्या सर्वांत प्रखर रेडिओ स्रोतांमध्ये त्याची गणना होईल. म्हणून आजूबाजूच्या उद्योगांवर बंधनं आली. पुणे-नाशिक रेल्वेचा आधी आखलेला मार्ग नारायणगाव भागातून जाणार होता. दुर्बिणीच्या निरीक्षणांना बाधा येईल म्हणून तो बदलायचं ठरलं. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या लोकांनी ज्या गाडीची वर्षानुवर्षं वाट पाहिली, तिच्या आड एक दुर्बीण आली. हे त्यांना कोण आणि कसं सांगणार?

शिक्षिका ते सांगतात. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरतं. शाळांची मुलं प्रयोग मांडतात आणि पंचक्रोशीतली माणसं गर्दी करतात. शिक्षिका तिथे विद्यार्थ्यांना घेऊन उभ्या असतात आणि लोक विचारतील त्याची उत्तरं देतात. एरवी त्या व्हिडिओ करतात. 29 जून 2023 ला, म्हणजे त्या वर्षीच्या आषाढी एकादशीला, जगातल्या अनेक गटांनी मिळून अवकाशालाच ताणत-आखडत जाणाऱ्या अतिसंथ गुरुत्वीय लहरींचे पुरावे सापडल्याचं जाहीर केलं. त्यात जीएमआरटीची निरीक्षणं वापरणारा भारतीय गटही होता. त्यावरचा शिक्षिकांचा व्हिडिओ निवड समितीने पाहिला. त्या म्हणतात: समजा लांबवर अनेक दिंड्या चालल्या आहेत आणि प्रत्येकीच्या टाळाचा ठेका पक्का आहे. आपण एका जागी बसून ते ठेके ऐकतोय. एका दिंडीचा ठेका मागे-पुढे झाला तर त्या दिंडीचं काहीतरी बिनसलं असेल. पण सगळ्यांचेच ठेके एका ठरावीक रीतीने मागे-पुढे ऐकू यायला लागले, तर मधला रस्ताच ताणला-आखडला जातोय. दिंड्या म्हणजे ठरावीक ठेक्यात रेडिओ स्पंद पाठवणारे पल्सार तारे, रस्ता म्हणजे अवकाश. पल्सारवर निरीक्षणं घेणारे एक निवृत्त शास्त्रज्ञ समितीत होते. त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. त्या ‘एका ठरावीक रीतीने’ या तीन शब्दांत सगळ्या निष्कर्षाचा गाभा आहे आणि तो या बाईंनी सोडलेला नाही, असं ते म्हणाले.

निवड

अखेरीस दोन नावं उरली. दुसरा एका नामवंत संस्थेतला संशोधन-विद्यार्थी. वृत्तपत्रांत त्याचे मराठी लेख येतात, इंग्रजी उत्तम, गोषवारा नेटका. त्याचं काम खरंच चांगलं आहे आणि इथे त्याला कमी लेखण्याचा हेतू नाही.

मुद्रकांचं म्हणणं होतं, “अहो, बाईंचं एक छापील पान नाही आपल्यापुढे. उद्या कुणी विचारलं तर काय दाखवायचं?” त्यावर समितीतल्या एक निवृत्त शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, “छापील पान वाचणारा आपल्याकडे येतोच हो. खोडदच्या जत्रेत उभा राहणारा माणूस कुणाकडे जातो?”

मुद्दा अडला तेव्हा समितीने दोघांना फोनवर एकच प्रश्न विचारला: ही शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर तुम्ही काय कराल? विद्यार्थ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की त्याच्या संस्थेत प्रवासासाठी निधी आहे, मार्गदर्शकांनी सही केली तर तिथून प्रयत्न करील. शिक्षिका म्हणाल्या, “काही नाही सर, फेब्रुवारीत खोडदला असेनच नेहमीसारखी.”

प्रवास-शिष्यवृत्तीच्या निवडीत विचारावा असा हा सर्वांत उपयोगी प्रश्न आहे, असं माझं मत आहे. गुणांची तुलना करून दोन चांगल्या माणसांत निवड होत नाही, झाली तरी ती बहुधा इंग्रजीची परीक्षा ठरते. तोच रुपया कुणाच्या बाबतीत दार उघडतो आणि कुणाच्या बाबतीत आधीच उघड्या असलेल्या दारांत भर घालतो, हे या प्रश्नाने कळतं. निवड शिक्षिकांची झाली. विद्यार्थी पुढे आपल्या संस्थेच्या निधीतून दुसऱ्या एका परिषदेला जाऊन आला.

पैसा

नियमावलीत लिहिलं होतं: ‘प्रवासाहून परतल्यावर मूळ पावत्या सादर केल्यास महिनाभरात खर्चाचा परतावा देण्यात येईल.’ जगभरच्या कितीतरी शिष्यवृत्त्यांत हेच वाक्य असतं. सीएंचा त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. न्यासाचे हिशेब तपासले जातात, पावतीविना रक्कम गेली तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. आणि आधी पैसे दिले, मग व्हिसाच नाकारला गेला तर?

शिक्षिकांनी त्यांना फोन केला. “सर, आधी सगळं मलाच भरायचं का?”

“हो मॅडम. पावत्या तेवढ्या जपून ठेवा. एक रुपया बुडणार नाही तुमचा.”

“बरं सर, बघते,” म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पुढे बरेच दिवस त्यांच्याकडून काहीच आलं नाही. परिषदेच्या सवलतीच्या नोंदणीची मुदत जवळ येत होती. न्यासातल्या एकदोघांना वाटलं, बाईंचा उत्साह मावळला. शास्त्रज्ञ बाईंना तसं वाटलं नाही. त्या एका रविवारी एसटीने नारायणगावला गेल्या आणि घरी जाऊन भेटल्या. तेव्हा कळलं की शिक्षिका पतसंस्थेत सोनेतारण कर्जाची चौकशी करून आल्या होत्या. नोंदणी, विमान, राहणं मिळून दोन लाखांच्या पुढे जाणारी रक्कम काही महिने स्वतः उभी करायची, त्यावरचं व्याज स्वतः भरायचं आणि परत आल्यावर मुद्दल मिळायची. सन्मान म्हणून मिळालेल्या शिष्यवृत्तीत त्यांना पदरचे पैसे घालावे लागणार होते, दागिने गहाण पडणार होते ते वेगळंच. घरात कुणी ‘जाऊ नको’ म्हणालं नव्हतं. पण असं कर्ज काढा, हेही कुणी कसं म्हणणार?

शास्त्रज्ञ बाई परत आल्यावर झालेल्या बैठकीत सीएंनी जे केलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्यांनी नियमाची बाजू लढवली नाही. खर्चाची यादी समोर घेतली आणि प्रत्येक बाबीपुढे लिहिलं: व्हिसा नाकारला तर यातलं किती बुडेल?

उत्तर सगळ्यांना अनपेक्षित होतं. परिषद युरोपात होती. तिथल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणाऱ्या शेंगेन व्हिसाच्या अर्जाला विमानाचं आरक्षण दाखवावं लागतं, पण तिकीट विकत घेतलेलं असायलाच हवं असं नाही. व्हिसा मिळाल्यावरच घ्या, असंच सुचवलं जातं. राहण्याची जागा रद्द करता येईल अशा अटीवर धरता येते. उरली नोंदणी. सीएंनी परिषदेला साधं पत्र लिहून विचारलं, व्हिसा न मिळाल्यास शुल्क परत कराल का? होकार आला. म्हणजे खरा धोका फक्त व्हिसाचं शुल्क, व्हिसा अर्ज केंद्राचा सेवा-आकार आणि प्रवास-विमा इतकाच होता. शुल्क 90 युरो. विमा किमान 30,000 युरोंच्या संरक्षणाचा लागतो, पण थोड्या दिवसांसाठी त्याचा हप्ता फारसा नसतो. लाखांची वाटणारी जोखीम काही हजारांवर आली. तेवढी न्यासाने उचलायची, असा ठराव त्याच बैठकीत झाला.

मग क्रम उलटला. नोंदणी, तिकीट, राहणं, विमा सगळं न्यासाने परस्पर भरायचं, पावत्या न्यासाच्या नावाने. तिथल्या जेवणाखाण्याची रक्कम निघण्याआधी फॉरेक्स कार्डावर. सीएंच्या लेखापरीक्षणाची अडचणही त्याने आपोआप मिटली, कारण पावत्या मागायला उरल्याच नाहीत.

हे ठरलं तरी नोंदणीचं शुल्क भरताना गाडी अडलीच. न्यासाचं खातं एका सहकारी बँकेत. त्याच्या कार्डावर परदेशी व्यवहार चालू नव्हता. रिझर्व्ह बँकेच्या 2020 पासूनच्या नियमाने नवी कार्डं मुळात देशातल्या वापरापुरतीच दिली जातात, बाहेरचा वापर मागून घ्यावा लागतो. आणि या बँकेकडे ती सोयच नव्हती. शेवटी परदेशी रक्कम पाठवण्याचा ए-2 अर्ज भरून दुसऱ्या बँकेतून रक्कम पाठवली, सवलतीची मुदत संपायला थोडाच अवधी असताना. ज्या न्यासाला हे करायचंय, त्याने परदेशी पैसे पाठवण्याची वाट जाहिरात देण्याआधी चालून पाहावी.

राहिला तासांचा प्रश्न. परिषद सप्टेंबरात, ऐन सत्रात. जितके दिवस बाहेर तितक्या तासांचे पैसे बुडणार. शिक्षिकांनी हे स्वतःहून कधीच काढलं नाही, शास्त्रज्ञ बाईंनी विचारल्यावर सांगितलं. “बुडालेला पगार न्यास भरून देतो असं कुठे दाखवू?” हा सीएंचा प्रश्न रास्त होता, न्यासाच्या उद्दिष्टांत तशी तरतूद नव्हती. तोडगा असा निघाला की परतल्यावर शिक्षिका तालुक्यात काही सत्रं घेतील, त्यांचं मानधन आगाऊ द्यायचं. बुडीत सगळं भरून निघालं नाही, निम्म्याच्या वर निघालं. प्रवास-शिष्यवृत्तीच्या अर्थसंकल्पात विमान आणि हॉटेल असतं. घरी न झालेली कमाई कधीच नसते. कायम पगारावरच्या माणसाने नियम लिहिले की ती त्याला दिसत नाही.

कागद

पासपोर्ट नव्हता. निवड झाल्यावर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात जाऊन काढावा लागला. साधं शुल्क 1,500 रुपये. पैशाचा प्रश्नच नव्हता, पोलीस पडताळणीत गेलेल्या वेळेचा होता. त्यात नावांचा घोळ. पदवीवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि व्हिडिओ ज्या नावाने करतात ते तिसरंच. परिषदेचं निमंत्रण या तिसऱ्या नावाने आलं होतं. ते पासपोर्टप्रमाणे पुन्हा मागवून घेतलं. आपल्याकडे लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत हे इतकं नेहमीचं आहे की निवड झाल्या दिवशीच ‘पासपोर्टवर नाव कसं आहे?’ हे विचारून ठेवावं.

व्हिसासाठी अधिकाऱ्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते: तिथला खर्च कोण करणार आणि माणूस परत येणार का. पहिलीचं उत्तर न्यासाच्या प्रायोजकत्वाच्या पत्राने आणि बँकेच्या विवरणाने दिलं. दुसरी अवघड. तासिका तत्त्वावरची नेमणूक वर्षापुरती. कागदावर पाहिलं तर या बाईंना परत यायला नोकरी आहे असं दिसतच नाही. प्राचार्यांनी पत्र दिलं की ऑक्टोबरपासूनची प्रात्यक्षिकं त्याच घेणार आहेत. पतीच्या नावचा सातबारा भाषांतर करून जोडला. अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. पासपोर्टच उशिरा आल्यामुळे सगळं पुढे ढकललं गेलं होतं. व्हिसा हातात आला तेव्हा निघायला आठवडाही उरला नव्हता, आणि तिकिटाला आधी धरलेल्यापेक्षा बरेच जास्त पैसे पडले. तो फरक न्यासाने भरला.

परिषदेत

शिक्षिकांचं सादरीकरण दहा मिनिटांचं होतं, इंग्रजीत. शास्त्रज्ञ बाईंनी फोनवर सराव करून घेतला होता. बोलणं व्यवस्थित झालं. प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न नीट कळले नाहीत, तेव्हा त्यांनी पुन्हा सांगायला लावले. मोठ्या सभागृहातली काही भाषणं डोक्यावरून गेली. हे त्या मोकळेपणाने सांगतात आणि न्यासाने ते अहवालातही तसंच ठेवलं आहे.

महत्त्वाची भेट झाली ती चहाच्या वेळी. दक्षिण आफ्रिकेतल्या कारू भागात मीरकॅट ही 64 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. पुढे ती ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या प्रकल्पाचा भाग होते आहे, ज्यात भारतही सामील आहे. तिथेही रेडिओ-शांततेसाठी 2007 मध्ये कायदाच झाला आहे, तिथेही आजूबाजूला मेंढ्या पाळणारे शेतकरी आहेत आणि त्यांच्या तक्रारी आहेत. त्या शेतकऱ्यांशी बोलण्याचं काम करणारी एक बाई शिक्षिकांचं दिंडीचं उदाहरण ऐकून मुद्दाम भेटायला आली. दोघींची इंग्रजी वेगवेगळी आणि दोघींचीही शिकलेली, त्यामुळे संभाषण सावकाश, पण पुरतं झालं. शिक्षिकांनी वहीत लिहून आणलेलं सांगते: ती बाई गावात गेली की आधी दुर्बिणीबद्दल काहीच बोलत नाही. लोकांच्या तक्रारी फळ्यावर लिहून घेते, कुणाच्याही तक्रारीला तिथल्या तिथे उत्तर देत नाही आणि सगळ्या लिहून झाल्यावर विचारते, यातल्या कोणत्या दुर्बिणीमुळे आणि कोणत्या नाहीत, ते आपण मिळून वेगळं करूया का?

इतकंच. पण इतकी वर्षं खोडदच्या प्रदर्शनात उभं राहून येईल त्या प्रश्नाला एकटीने उत्तरं देणाऱ्या माणसाला, आपल्यासारखंच काम जगाच्या दुसऱ्या टोकाला करणारं कुणीतरी भेटणं हीच परिषदेची कमाई होती. ती व्हिडिओ कॉलवर झाली असती का? मला वाटत नाही. एकमेकींचं नावच माहीत नसताना कॉल कोण कुणाला लावणार?

परतल्यावर

पहिलं सत्र शेजारच्या गावात ग्रामपंचायतीच्या सभागृहात झालं. त्याला मी हजर होते. शिक्षिकांनी फळ्यावर तक्रारी लिहून घेतल्या. मोबाईलला रेंज नाही, कारखाने येत नाहीत, पोरं चाकणला जातात, रेल्वे गेली. मग एकेक घेऊन चर्चा झाली. रेंजच्या काही तक्रारी टॉवरच्या अंतराच्या निघाल्या. कारखान्यांच्या बाबतीत बंधनं खरी आहेत हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, आडपडदा ठेवला नाही.

रेल्वेपाशी एक वयस्कर शेतकरी उठले. “म्हणजे बाई, आमची गाडी गेली ती यांना तारे बघता यावेत म्हणून?”

“हो काका,” शिक्षिका म्हणाल्या, “त्या मार्गाने गाडी येत नाही यात दुर्बिणीचा वाटा आहे, ते मी नाकारत नाही. विजेच्या गाडीच्या तारांवर ठिणग्या उडतात, त्यांचा रेडिओ-गोंगाट या अँटेनांना त्रास देतो. आता त्या बदल्यात आपल्याला काय मिळावं, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मीही तुमच्याबरोबर विचारते.”

काकांचं समाधान झालं असं मला वाटलं नाही. पण ते बसून राहिले आणि सत्र संपल्यावर त्यांनी नातवाला पुढे करून विचारलं, याला ते आतून बघायला मिळेल का. विज्ञानसंवादाचं यश टाळ्यांवर मोजायची सवय आहे आपल्याला. जिथे विज्ञानामुळे माणसाचं काही हिरावलं गेलंय, तिथे उभं राहून खरं बोलणारं कुणीतरी असणं ही माझ्या लेखी त्याहून मोठी गोष्ट आहे, आणि अशी माणसं संस्थांच्या आवारात सापडत नाहीत.

दुसरं वर्ष

दुसऱ्या वर्षीच्या अर्जात इंग्रजी गोषवारा नाही. मराठीत लिहा किंवा पाच मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून पाठवा. प्रकाशित लेखांच्या जागी ‘तुम्ही कुणाला, कुठे, काय समजावून सांगता?’ असा प्रश्न आहे. मान्यवरांच्या शिफारशीऐवजी तुमचं सांगणं ऐकलेल्या दोन माणसांचे फोन नंबर. आणि ‘परतावा’ हा शब्द नियमावलीतून गेला. निवड समितीत आता शिक्षिकाही आहेत.

सगळं सुरळीत झालेलं नाही. देणगीदार कुटुंबातला अमेरिकेतला मुलगा रक्कम दुप्पट करायला तयार आहे, पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलंय. भारतीय पासपोर्टवरच्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून दिलेली देणगी परदेशी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं की ती धरली जाते, आणि न्यासाकडे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी नाही. त्यामुळे ती रक्कम सध्या घेता येत नाही.

दुसरा वाद पैशाच्या वाटणीचा. मुद्रकांचं म्हणणं, एकाला युरोपात पाठवण्यापेक्षा तेवढ्यात कितीतरी जण मराठी विज्ञान परिषदेच्या वार्षिक अधिवेशनाला जातील, आणि तिथे भाषेची अडचणही नाही. शास्त्रज्ञ बाई कारूच्या बाईंशी झालेल्या भेटीकडे बोट दाखवतात. मला दोन्ही बाजू पटतात, तरी कल परदेशी परिषदेकडे आहे: अधिवेशनाला जायला धडपड करून का होईना वाट काढता येते, तिकडे जायला येत नाही. सध्यापुरतं असं ठरलंय की एक जागा परदेशाची आणि उरलेल्या रकमेतून जमतील तितक्या अधिवेशनाच्या, दोन्हींचे पैसे आधी.

अर्जांची मुदत संपली आहे. या वेळी भोर, मंचर, शिरूर, बारामतीकडून अर्ज आले आहेत. शिक्षिकांच्या आग्रहाने अर्जात पहिलाच प्रश्न पासपोर्टचा घातला होता. ज्यांच्याकडे तो नाही आणि ज्यांना काढायचा आहे, त्या सगळ्यांचं 1,500 रुपयांचं शुल्क न्यासाने निवडीच्या आधीच भरलं. निवड झाली नाही तरी पासपोर्ट त्यांच्याकडे राहील आणि पुढच्या वर्षी पोलीस पडताळणीसाठी थांबावं लागणार नाही.